ऑनलाइन विद्यापीठातून बालविकास शिकताना निरीक्षणाची वही कशी लिहावी

प्रवेश, लॉगिन, वेळापत्रक हे तुम्ही मार्गी लावलंच असेल. बालविकास आणि कुटुंब अभ्यास ऑनलाइन शिकणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: व्हिडिओ बघा, नोट्स काढा, क्विझ द्या. तेवढ्यानं गुण मिळतील, पण मूल कळणार नाही.

१. प्रात्यक्षिकाची जागा आधी पक्की करा. पाळणाघराची किंवा बालवाडीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती यात आठवडे जातात. सत्र सुरू होताच अर्ज द्या.

२. सिद्धान्त वाचा. पियाजे आणि एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या वाढीच्या टप्प्यांची वयं घोकत बसू नका. ते कशावरून तसं म्हणाले, ते लिहून काढा.

३. निरीक्षण करा. बहुतेकांचं इथेच अडतं, माझंही अडलं होतं. वर्गात शिकणाऱ्याला शिक्षक तिथल्या तिथे सांगतात, ‘हे तू पाहिलेलं नाहीस, हा तुझा अंदाज आहे.’ ऑनलाइन शिकताना शेजारी कुणी नसतं, म्हणून ही शिस्त आपली आपल्याला लावावी लागते.

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलं आणि ऐकलं ते: ‘मुलीनं ठोकळा दोनदा जमिनीवर आपटला, बाईंकडे पाहिलं, ठोकळा खाली ठेवला.’ उजवीकडे त्याचा अर्थ, आणि तोही नंतर, निवांत बसून. ‘चिडली’, ‘लाजली’, ‘हट्ट केला’ हे शब्द डावीकडे आले तर खोडा. ठोकळा रागानं आपटला असेल, आवाजाची गंमत वाटली असेल, बाई काय करतात ते पाहायचं असेल. उजवीकडे किमान दोन शक्यता हव्यात. एकच सुचत असेल तर डावा रकाना पुन्हा वाचा.

सुरुवात अखंड नोंदीनं करा: एकच मूल, दहा मिनिटं. त्यापुढे हात दमतो आणि आठवणीतून भर पडायला लागते. कच्ची नोंद त्याच दिवशी नीट उतरवा.

हे जमल्यावरच वेळ ठरवून नमुने घेण्याकडे वळा. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, ते अशाच छोट्या छोट्या निरीक्षणांतून. एका मुलाकडे मिनिटभर पाहायचं. ते एकटं खेळतंय, नुसतं बघतंय, शेजारी बसून आपापलं खेळतंय की इतरांत मिसळलंय ते नोंदवायचं, आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. काही दिवसांच्या खुणा शेजारी ठेवल्या की ‘हे मूल एकलकोंडं आहे’ असं घाईनं लिहिलेलं वाक्य टिकतं का, ते लगेच दिसतं.

दोन सल्ले मुळीच मानू नका. पहिला, इंटरनेटवरचा व्हिडिओ पाहून नोंद करण्याचा. काय दाखवायचं ते कॅमेऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. मूल मान वळवून कुणाकडे बघतं, ते चौकटीत येत नाही. सरावापुरता व्हिडिओ ठीक. दुसरा, घरचंच मूल घेण्याचा. पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांची निरीक्षणं केली हे खरं, पण शिकाऊ माणसाला आपल्या मुलाच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ आधीच ठाऊक असल्यासारखा वाटतो आणि डावा रकाना त्यानंच भरतो.

मूल पडलं, घाबरलं, तर पेन खाली ठेवा आणि त्याच्याकडे जा. नोंद अर्धी राहू द्या.

४. कुटुंब समजून घ्या. मानसशास्त्रज्ञ ब्रॉनफेनब्रेनर मुलाभोवतीचं जग, घरापासून समाजापर्यंत, एकात एक वर्तुळांत मांडतात. ती वर्तुळं काढून त्यात ‘आई, शाळा, समाज’ एवढंच भरणं व्यर्थ आहे. बाहेरच्या वर्तुळातली गोष्ट मुलापर्यंत कशी पोचते ते दाखवा: आईची शिफ्ट बदलली, म्हणून सकाळी सोडायला आजी येते, म्हणून दारातला निरोप लांबतो. पालकांशी बोलताना ‘असं का करता?’ विचारू नका, त्यांना जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘कालची संध्याकाळ कशी गेली, सांगाल?’ असं विचारा.

५. अपलोड करा. त्याआधी नाव, जन्मतारीख, फोटो आणि संस्थेचं नाव काढून टाका; मुलाला टोपणनाव द्या. वय वर्षं आणि महिन्यांत लिहा, कारण ३ वर्षं १ महिना आणि ३ वर्षं ११ महिने या दोन मुलांत पुष्कळ अंतर असतं. संमतीपत्र विद्यापीठ सांगेल तिथेच जमा करा. वर्गाच्या चर्चेत ते कधीही जोडू नका.