जवळून फोटो काढायचाय? आधी खोलीतला दिवा बंद करा

हाताने केलेल्या छोट्या वस्तूंचे जवळून फोटो काढण्याआधी काय तपासायचं? बॅटरी, कार्डातली जागा, पुसलेली लेन्स. हे काय सांगायचं! तरी फोनने काढणार असाल तर लेन्स आणखी एकदा पुसाच. दिवसभर हाताळलेल्या फोनच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा असतोच.

आता मुद्द्याचं. खोलीतला दिवा बंद करा. खिडकीच्या उजेडात फोटो काढायचे ठरवलं असेल तर ट्यूब, बल्ब, टेबललॅम्प, सगळं बंद. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि क्विलिंगच्या, म्हणजे पांढऱ्या कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या फुलांचे सगळे फोटो फुकट गेले. खिडकीकडच्या पाकळ्या निळसर, छताच्या दिव्याकडच्या पिवळट, आणि पट्टीच्या प्रत्येक वेढ्याला दोन रंगांच्या दोन सावल्या. काढताना काहीच जाणवलं नव्हतं, कारण असा फरक आपला मेंदू परस्पर मिटवून टाकतो. कॅमेरा मिटवत नाही. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), पिवळा बल्ब 2700 च्या आसपासचा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली रंगाची दुरुस्ती, अख्ख्या फोटोला एकच. पिवळं काढायला गेलं की खिडकीची बाजू आणखी निळी होते, निळं काढायला गेलं की उलट. नंतर एडिटिंगमध्ये बघू, असं मनात आलं असेल तर ते आत्ताच काढून टाका. पाकळीपाकळीला वेगळा रंग देत बसावं लागतं.

खिडकी निवडताना थेट ऊन येणारी नको. तीच एक असेल तर काचेवर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं कापड लावा. वस्तू खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे उजेड आडवा येईल आणि टाके, वेढे, मातीवरचे ठसे उठून दिसतील. समोरून पडलेल्या उजेडात सगळं सपाट होतं, म्हणून कॅमेऱ्यावरचा फ्लॅशही नको. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डबोर्ड उभा करा. या एका पुठ्ठ्याने सावली जितकी सुधारते तितकी महागड्या सामानानेही कधीकधी सुधारत नाही. भडक रंगाचा शर्ट मात्र घालू नका, त्याचा रंग वस्तूवर येतो. रंगीत पडद्याचंही तेच. आणि उजेड कमी वाटला म्हणून हात दिव्याच्या बटणाकडे जाईल, तो जाऊ देऊ नका.

कमी उजेडावर उपाय ट्रायपॉड आहे. वस्तू काही पळून जात नाही. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी बिघडत नाही, कॅमेरा हलला नाही म्हणजे झालं. दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाचा धक्का तेवढ्यात निवतो. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, 100 किंवा 200 वर ठेवा. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत चालेल. जमिनीवर चालत्या माणसाने टेबल हादरतं, तेवढं सांभाळा.

वस्तू स्वच्छ करा. केली असेल तरी पुन्हा करा. तीन सेंटिमीटरचं कानातलं अख्ख्या स्क्रीनभर दिसणार आहे. त्यावरचा लोकरीचा एक तंतू तिथे दोरखंडाएवढा होतो. मऊ ब्रश आणि दाबून हवा मारायचा रबरी फुगा, बस. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि मण्यांवर डाग पडतात. धातू आणि काच सुती हातमोजे घालून उचला. गोंदाचे वाळलेले धागे, पेन्सिलीच्या खुणा, सुटलेली टोकं आत्ताच काढा. वस्तू उभी राहत नसेल तर खाली पोस्टर चिकटवायची मऊ पुटी चिमूटभर लावा, पण कागद, कापड आणि पॉलिश न केलेल्या लाकडाला नको, तेलकट डाग राहतो.

पार्श्वभूमी साधी. पोत असलेली लाकडी फळी मोहक वाटते, पण नाजूक कामासमोर तीच जास्त बोलू लागते. पांढऱ्या कागदावर कॅमेरा फसतो: इतका उजेड बघून तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करतो आणि पांढरं राखाडी होतं. त्यामुळे एक्स्पोजर +0.7 ते +1 पर्यंत वाढवा. काळ्या कापडावर उलट, तिथे कमी करा.

अंतराकडे नीट बघा. प्रत्येक लेन्सचं किमान फोकस अंतर ठरलेलं असतं. त्याच्या आत शिरलात तर कितीही दाबा, फोकस होणार नाही. बरेच फोन तर मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, गुपचूप अल्ट्रावाइड (सर्वांत रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यावर उडी मारतात. त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की फोनची सावली वस्तूवर पडते आणि अंगठीची पुढची बाजू फुगलेली दिसते. ती उडी सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर करा, जरा मागे सरका आणि नंतर क्रॉप करा. स्वस्त फोनमधला 2 मेगापिक्सेलचा वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा विसरून जा. डिजिटल झूमचंही तेच; तो क्रॉपच असतो, फक्त आधी केलेला.

मॅक्रो लेन्स असेल तर मोह वेगळा. इतक्या जवळून फोकसची पट्टी फारच अरुंद होते. फुलफ्रेम (मोठ्या, 36×24 मिलिमीटरच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 1:1 ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटते तेव्हा, एफ/8 वरही (हे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि पट्टी रुंद) जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मण्याचं भोक स्पष्ट दिसेल, त्याची कड नाही. मग एफ/22 लावावंसं वाटतं. नका लावू, 1:1 ला लेन्स प्रत्यक्षात दुप्पट आकड्यासारखी, एफ/44 सारखी वागते आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ, अस्पष्ट पडतं. एफ/8 ते एफ/11 वर राहा. वस्तूचा मुख्य पृष्ठभाग सेन्सरला समांतर ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. तरी भागलं नाही तर थोडं मागे जा, किंवा फोकस थोडा थोडा सरकवत फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. ऑटोफोकसवर विसंबू नका, तो हटकून मागच्या कागदाला धरतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. ग्रे कार्ड, म्हणजे रंग मोजायचं राखाडी कार्ड, वस्तूच्या जागी ठेवून एक फोटो घ्या आणि त्यावरून ठरवा. दिवा चालू असेल तर ग्रे कार्डही वाचवत नाही, कारण ते तिथे पडलेल्या मिश्रणाचं एकच मोजमाप देतं आणि वस्तूवर ते मिश्रण जागोजागी वेगळं असतं. म्हणून, दिवा बंद. शेजारच्या खोलीतलाही, दार उघडं असेल तर.

ढग आले की खरी परीक्षा. 'एवढे चारच राहिलेत, लावतो दिवा.' नाही! थांबा, किंवा शटरचा वेळ वाढवा. अगदीच अंधारलं तर खिडकीवर जाड पडदा ओढा आणि फक्त दिव्यांवर काढा, सगळे एकाच जातीचे आणि एकाच रंगाचे. अर्धं हे, अर्धं ते करू नका. फक्त दिव्यांवर काढताना शटर फार जलद नको. विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला 100 किंवा 120 वेळा लुकलुकतात. काही एलईडींखाली फोटोत आडवे पट्टे येतात.

चकाकत्या धातूत तुम्ही स्वतः दिसता. गडद कपडे घाला, भोवती पांढरे पुठ्ठे उभे करा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, काचेवर आणि वार्निशवर चालतो, उघड्या धातूवर नाही. लाल लोकर हा वेगळाच ताप आहे: फोटोतला लाल रंगाचा भाग (लाल चॅनेल) आधी भरून जातो आणि टाके एकमेकांत मिसळून नुसता लाल गोळा उरतो, तेव्हा एक्स्पोजर कमी करा. माप कळायला एका फोटोत मोजपट्टी ठेवा.

मांडणी मोडण्याआधी एक तरी फोटो मोठ्या स्क्रीनवर 100 टक्क्यांना बघा. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. मागून, बाजूने आणि कानातल्याच्या हुकचा असे तीन फोटो राहून जातात, तेही घेऊन टाका.

पुढचं थोडक्यात. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल, असेल तर ठेवा. वेबसाठी रंगांची एसआरजीबी व्यवस्था. शार्पनिंग अगदी शेवटी आणि कमी. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक होतात. मूळ फाइलची एक प्रत दुसरीकडे.