डिस्पॅचच्या दिवशी पाच वाजता शॉपमध्ये फिरा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या मशीनवर, हेल्पर म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. मध्ये 31 वर्षं गेली. आता शेड भाड्यानं घेऊन दोन लेथ, एक ड्रिल टाकणारी पोरं घरी येतात. "मामा, सेफ्टीचं काय काय आणायचं तेवढं लिहून द्या की." मी यादी देत नाही, कारण माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा अपघात आणलेल्या वस्तूनंच झाला.

हातमोजे मीच आणले होते. खानापूरकडचा विशीतला पोरगा, कापलेल्या धातूच्या कडेची धारदार बर लागून त्याची बोटं रोज कापायची. मला वाईट वाटलं, डझनभर सुती मोजे घेऊन आलो. त्या दिवशी कोल्हापूरच्या पार्टीची गाडी दारात उभी होती. शेवटच्या शाफ्टला फिनिश यावं म्हणून त्यानं चालू लेथवर हातानं पॉलिश पेपर धरला. मोज्याचा सुटलेला धागा जॉबवर, म्हणजे मशीनवर फिरणाऱ्या तुकड्यावर, गुंडाळला गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. "गाडी थांबलीय, आटप लवकर" असं पाचच मिनिटांपूर्वी मी त्याला म्हणालो होतो.

फिरत्या जॉबजवळ हातमोजा नको, हे मला तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मोजे मशीन बंद करून चिप (धातूचा कीस) काढताना घाला, जॉब उचलताना घाला. पॉलिश पेपर लाकडी पट्टीला लावून धरा.

म्हणून पहिलं काम हे: सकाळी झाडलोट झाल्यावर शॉप बघू नका. डिस्पॅचच्या दिवशी, म्हणजे माल पाठवायच्या घाईत, संध्याकाळी पाच वाजता वही घेऊन फिरा, आणि त्या फेरीत कुणाला ओरडू नका. जॉब पकडणाऱ्या चकमध्ये ती आवळायची किल्ली तशीच राहिलीय का? मशीन सुरू झालं की ती गोळीसारखी सुटते. गळ्यात मफलर, सैल बाही, हातात कडं आहे का? बेल्टचा गार्ड (झाकण) काढून भिंतीला टेकून उभा आहे का? पेडेस्टल ग्राइंडरचं (उभ्या घासायच्या मशीनचं) टूल रेस्ट, म्हणजे जॉब टेकवायची पट्टी, व्हीलपासून 3 मिलिमीटरपेक्षा लांब गेलंय का? त्या फटीत जॉब अडकला की व्हील फुटतं. नवं व्हील बसवण्याआधी बोटावर लटकवून लाकडी मुठीनं हलकं वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, टाकून द्या.

गार्ड काढलेला दिसला तर काढणाऱ्याला कारण विचारा. एकानं मला सांगितलं, "गार्ड लावला की चिप अडकायलीय मामा, जॉब दिसत नाही." खरं होतं त्याचं. पत्र्याच्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेट बसवलं, खालून चिप पडायला जागा ठेवली, त्यानंतर तो गार्ड कुणी काढला नाही. माणसाला त्याच्या भाषेत विचारा. आपल्याकडं एकाच शेडमध्ये मराठी, कन्नड आणि बिहारकडची हिंदी चालते. इंग्रजी बोर्ड टांगून काही उपयोग नाही. "सगळं बरं आहे ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात. "कुठल्या कामाची भीती वाटते?" विचारा.

फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचं काम, असेल तर पावसाळा वेगळा धरा. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, अंगणातलं भंगार जूनपासून ओलंच असतं. ते तसंच भट्टीत गेलं तर वितळलेल्या लोखंडाखाली अडकलेलं पाणी क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची साधारण 1,700 लिटर वाफ होते आणि 1,400 अंशांचा रस अंगावर उडतो. भंगार शेडखाली ठेवा, भट्टीत टाकण्याआधी तापवून घ्या, रस ओतायची लॅडलही कोरडी तापलेली हवी. ओतणाऱ्याला पॉलिस्टरचा शर्ट घालू देऊ नका, तो वितळून कातडीला चिकटतो. नाडी नसलेले बूट द्या आणि पँट बुटाच्या बाहेर सोडायला सांगा, म्हणजे ठिणगी आत जात नाही आणि गेलीच तर बूट झटक्यात निघतो.

रस डोळ्यांना दिसतो, धूळ दिसत नाही. मोल्डिंगच्या (साच्याच्या) वाळूतली आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करताना, उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाऊन बसते. तिनं होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार परत बरा होत नाही. खोकला, धाप, वजन उतरणं यामुळं टीबीच समजून कितीतरी माणसं नुसती टीबीची औषधं घेत राहतात. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, नीट बसणारा एन-95 मास्क तरी हवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरची वाळू झटकणं आजच बंद करा. फरशी ओली करून झाडा. फेटलिंगजवळ धूळ ओढणारा ब्लोअर बसवायला पैसे लागतात, पण मला विचाराल तर दुसरी मशीन घेण्याआधी तो बसवा. आणि डॉक्टरकडं छातीचा एक्स-रे काढायला पाठवाल तेव्हा हा माणूस फाउंड्रीत आहे हे चिठ्ठीवर लिहा.

ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याबद्दल थोडकंच. दहा माणसं झाली की नोंदणी करा. महिना 21,000 पर्यंत पगार असणारा त्यात येतो. मालकाचा वाटा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. पंधरा हजार पगारावर तुमचे 488 रुपये होतात. काम करताना जखमी होऊन माणूस घरी बसला तर त्याला मजुरीच्या 90 टक्के मिळतात. नोंदणी टाळण्यासाठी माणसं रोजंदारीवर दाखवणारे मालक मी पाहिलेत, आणि अपघातानंतर त्याच माणसाच्या बायकोसमोर खाली मान घालून उभे राहिलेलेही.

शेवटी दारामागं मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी लिहून ठेवा: रात्रपाळीला गाडी कोण काढणार आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं. त्याच्याखाली हेही लिहा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून जखमी माणसाबरोबर पाठवायची. थेट बर्फ लागला की मांस गोठून खराब होतं. त्या पोराची बोटं आम्ही थेट बर्फात घालून नेली होती.