ईसीजीवरचे आकडे स्वतः कसे पडताळावेत, आणि क्यूटीपाशी का थांबावे

छातीत कळ येत असेल, घाम फुटला असेल तर हा लेख बंद करा आणि १०८ ला फोन लावा. आकडे नॉर्मल असले म्हणून हार्ट अटॅक नाही असे होत नाही. हे मार्गदर्शन ज्यांच्या हातात तपासणीची पट्टी आहे आणि माथ्यावर छापलेले आकडे बघून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी.

पट्टीच्या कडेला २५ मिमी/सेकंद आणि १० मिमी/मिलिव्होल्ट छापलेले आहे ना, ते बघा. मग एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद आणि मोठा म्हणजे २००. पट्टीवर लीड १, एव्हीआर, व्ही३ अशी नावे दिसतील; लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकेक दिशा. एव्हीआर लीडमध्ये मुख्य टोक खाली हवे. वर दिसले तर बहुधा हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात; पट्टी पुन्हा काढून घ्या.

ठोके: दोन आर-टोकांमधले (आर म्हणजे ठोक्याचे वर जाणारे अणकुचीदार टोक) मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागा. ६० ते १०० नॉर्मल. रोज पहाटे मिरामारला धावणाऱ्याचे ५० भरले तर मी दचकत नाही.

पी लहर, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीचा लहान उंचवटा, तीन छोट्या चौकोनांहून अरुंद, उंची अडीचपर्यंत. पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर) तीन ते पाच छोटे चौकोन, म्हणजे १२० ते २०० मिलिसेकंद. क्यूआरएस, म्हणजे मधला टोकदार भाग, १२० च्या आत. लीड १ आणि लीड २ दोन्हींत क्यूआरएस वर असला की अक्ष (हृदयातल्या विजेची मुख्य दिशा) ठीक, उणे ३० ते अधिक ९० अंशांत. एवढे मशीनही सहसा बरोबर सांगते.

आता क्यूटी. क्यूआरएस सुरू होतो तिथपासून त्यामागची टी लहर (रुंद उंचवटा) संपते तिथपर्यंत. सुरुवात कोणालाही सापडते; टी संपते कुठे, तिथे भलेभले घसरतात. मीही घसरले. गोव्यात डिचोलीकडे ईसीजी काढायला लागले त्या पहिल्या वर्षी, गणेश चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळांच्या छताचे) सामान आणायला निघालेल्या एक वहिनी धडधड होते म्हणून आल्या. मी व्ही३ मध्ये मोजले, साडेबारा चौकोन भरले, म्हणजे ५००! धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पेन्सिलीने टीच्या मागचा छोटासा उंचवटा दाखवला: "ही यू लहर. ही कशाला मोजलीस?" खरा क्यूटी ३९० होता. वहिनी तोवर बाकावर रडकुंडीला आलेल्या, नारळ-सुपाऱ्यांची पिशवी मांडीवर तशीच.

तेव्हापासून मी व्ही२-व्ही३ मध्ये क्यूटी मोजत नाही, तिथेच यू जास्त दिसते. लीड २ किंवा व्ही५ घ्या. टीच्या उतरणीचा सर्वांत तीव्र भाग धरून पट्टीने सरळ रेघ खाली ओढा. ती रेघ मूळ सपाट रेषेला छेदते तिथे टी संपली. मागचा उंचवटा विसरा. तीन ठोके मोजून सरासरी काढा. आमच्याकडे मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतात आणि रेषा होडीसारखी डुलते. तसली पट्टी क्यूटीच्या कामाची नाही.

पण क्यूटी ठोक्यांबरोबर बदलतो, म्हणून ठोक्यांनुसार दुरुस्त केलेला क्यूटी, म्हणजे क्यूटीसी, काढतात. बऱ्याच मशीन बॅझेटचे १९२० सालचे सूत्र वापरतात: क्यूटी भागिले आरआर अंतराचे (दोन आर-टोकांमधल्या अंतराचे) वर्गमूळ, आरआर सेकंदांत. हे सूत्र ठोके जलद असले की आकडा फुगवते. समजा कोणी जिना चढून धापा टाकत आला, ठोके १००, क्यूटी ३६०. बॅझेट म्हणतो ४६५. फ्रिडेरिशिआचे सूत्र वर्गमुळाऐवजी घनमूळ घेते, त्यात भरतात ४२७. माणूस तोच, पट्टी तीच! पुरुषांना ४५० आणि बायकांना ४६० ही वरची मर्यादा धरतात, तेव्हा पहिल्या आकड्याने हा माणूस आजारी ठरतो, दुसऱ्याने ठणठणीत. म्हणून माझा हट्ट: दहा मिनिटे बसा, पाणी प्या, मग पट्टी काढा.

नीट मोजूनही ५०० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. अझिथ्रोमायसिन, उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉन यांनीही क्यूटी लांबतो. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

आणि पट्टीचा लगेच फोटो काढा. तो थर्मल कागद असतो. स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिला तर पुढच्या खेपेला तुलना करायला काळपट कागद तेवढा उरतो.