आई-बाबांना घेऊन केप मेला शिकारी पक्षी बघायला जायचं तर

ऑक्टोबरात भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सीतली निम्मी मंडळी त्यांना रंगलेली पानं दाखवायला उत्तरेला नेतात. तुम्ही एकदा दक्षिणेला जा, राज्याच्या अगदी दक्षिण टोकावरच्या केप मे पॉइंट स्टेट पार्कला. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे धरायचा आणि तो संपेपर्यंत, म्हणजे एक्झिट शून्यपर्यंत, सोडायचा नाही. दोन-सव्वादोन तास लागतात. पार्कला प्रवेश फी नाही.

दिवस ठरवताना मात्र वारा बघा. पाऊस पडून हवा एकदम गार झाली आणि वायव्येचा वारा सुटला, की निघायचं. दक्षिणेकडे निघालेले ससाणे, घारी, गरुड त्या वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकलले जातात, किनारा धरून खाली येतात आणि इथे त्यांच्यापुढची जमीनच संपते. समोर डेलावेअर बे. एवढं पाणी ओलांडायला बरेच जण बिचकतात, त्यातले पुष्कळसे त्याच वर्षी जन्मलेले, मग टोकावरच घिरट्या घालत राहतात. वारा दक्षिणेचा आणि उबदार असेल तर बेत पुढे ढकला, सुट्टी मिळालेली असली तरी.

शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं, म्हणून नऊच्या आत पोचा. पार्किंगला लागूनच लाकडी हॉकवॉच प्लॅटफॉर्म, म्हणजे शिकारी पक्षी बघायचा उंच ओटा, आहे. वर जायला उतार आहे, त्यामुळे गुडघेवाल्यांची अडचण होत नाही. इथे 1976 पासून दर शरद ऋतूत शिकारी पक्ष्यांची मोजणी होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर मोजणारी माणसं उभी असतात आणि विचारलं की आनंदाने सांगतात. माझ्या सासऱ्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांचा जो वर्गच घेतला, तो त्यांनी हसत सहन केला. बाबांना एकच गोष्ट सांगून ठेवा: इथला पेरेग्रीन म्हणजे आपल्याकडचा बहिरी ससाणा. मग ते खाली उतरायचं नाव घेत नाहीत.

दुर्बीण 8x42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि 42 मिमी भिंगाची, पुरे. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कड्या आत फिरवून ठेवा. पक्षी दिसला की नजर हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. मुलांकडून हे आधी घरच्या अंगणात करून घ्या, नाहीतर प्लॅटफॉर्मवर "कुठाय, कुठाय" एवढंच चालतं.

ओळखायला सोपे तीन घ्या. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत चाललेलं ते टर्की व्हल्चर, इथलं गिधाड. पंख फळीसारखे सपाट ठेवून जाणारा मोठा पक्षी बहुधा बाल्ड ईगल. डोकं पांढरं नाही म्हणून त्याला बाद करू नका, ते व्हायला चारेक वर्षं लागतात. चार-पाच झपझप पंख मारून मग तरंगणारा छोटा म्हणजे शार्प-शिन्ड हॉक, आपल्या शिक्र्याच्या जातकुळीतला.

कपड्यांबाबत सासूबाईंची माकडटोपी सगळ्यांत शहाणी ठरते. वारा कानात शिरतो. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि कोरडी चटणी. किनाऱ्यावर डबा उघडाल तर सीगल घास पळवतात, म्हणून जेवण टेबलांपाशीच. त्यांना खायला घालणं तर मुळीच नको.

मुलं कंटाळली की अर्ध्या मैलाची लाल खुणांची पायवाट आहे. 1859 सालच्या दीपगृहात 199 पायऱ्या आहेत आणि वर जायला तिकीट लागतं. एकाने आजी-आजोबांपाशी थांबावं, दुसऱ्याने मुलांना घेऊन चढावं. पायवाटेवर गवतात शिरू देऊ नका. घरी पोचल्यावर आंघोळीआधी मुलांचे गुडघ्यांमागचे, कानांमागचे आणि केसांतले कोपरे बघा; तिथे गोचीड चिकटते.