कॅम्पसचा कार्बन-हिशेब: वेगवेगळ्या शाखांनी मिळून कसा मांडावा

हवामानबदलावर विद्यापीठात काम करायचं तर पर्यावरणशास्त्रालाच प्रवेश घ्यायला हवा, हा समज आधी सोडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती चढेल, याचं गणित १८९६ मध्ये मांडणारे अर्‍हेनियस रसायनशास्त्रज्ञ होते. तापमान खरंच चढतंय, हे १९३८ मध्ये जुन्या नोंदींवरून दाखवणारे जी. एस. कॅलेंडर हे अभियंते होते, वाफेवर काम करणारे. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पाच विभागांची माणसं एका खोलीत बसवली की चर्चासत्र होतं, काम होत नाही. काम व्हायचं तर प्रत्येकाला काहीतरी करता येईल असा एक सामायिक विषय लागतो. आमच्या मते कॅम्पसच्या हरितगृह वायूंचा वार्षिक हिशेब हा त्यातला सर्वांत सोयीचा.

सुरुवात हद्द ठरवण्यापासून करा. कोणत्या इमारती धरायच्या, भाड्याने दिलेल्या कोणत्या, कंत्राटावर चालणाऱ्या कँटीनचा गॅस कोणाच्या खात्यावर टाकायचा? उत्सर्जनाचे तीन गट पाडतात, त्यांना स्कोप म्हणतात: विद्यापीठ स्वतः जे जाळतं किंवा त्याच्या यंत्रांतून जो वायू गळतो ते स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, बाकी सगळं (येणंजाणं, विमानप्रवास, खरेदी, कचरा) स्कोप ३. इथे वाणिज्य आणि कायद्याचे विद्यार्थी लागतात, कारण उत्तर करारपत्रात असतं आणि करारपत्र नेटाने वाचायची सवय त्यांनाच असते. आधारवर्ष म्हणून २०२० किंवा २०२१ घेऊ नका. त्या काळात बहुतेक कॅम्पस ओस होते. त्यांच्याशी तुलना केली तर पुढची सगळी वर्षं वाईटच दिसतील.

जनरेटरचं डिझेल सोपं. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. फक्त खरेदीची बिलं धरू नका. वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा टाकीतला साठा मिळवून-वजा करून प्रत्यक्ष खप काढा.

नवखे हमखास विसरतात तो एसीमधला वायू. आर-४१०ए या मिश्रणाचा तापमानवाढीचा गुणांक १०० वर्षांच्या मोजणीत २,०८८ धरला जातो, म्हणजे त्याचा एक किलो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. म्हणजे वर्षभरात गळती भरून काढायला जेमतेम २ किलो वायू भरला गेला, तरी हिशेबात ४.१८ टन जमा होतात. सुमारे दीड हजार लिटर डिझेल जाळल्यासारखंच. ही नोंद वीजबिलात दिसत नाही आणि खरेदीखात्यात ‘देखभाल’ या एका शब्दाखाली गडप होते. देखभाल कंत्राटदाराच्या जॉबकार्डवर मात्र वायूचा प्रकार आणि वजन असतं. नसेल, तर पुढच्या करारात ते लिहिणं बंधनकारक करून घ्या.

विजेचा आकडा बिलावरून मिळतो, पण बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना जुळत नाही, तेव्हा दिवसांच्या प्रमाणात वाटणी करा. इमारतीचे मीटर स्वतः वाचणार असाल तर मीटरवरचा गुणक पाहा. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा प्रवाह ठराविक पटीने कमी करून मीटरला देणारं उपकरण) बसवलेल्या मीटरवर दिसणारा आकडा गुणकाने गुणावा लागतो; तो राहिला की वापर वीसपट किंवा चाळीसपट कमी दिसतो आणि कोणाला संशयही येत नाही. समजा, सुट्टीच्या दिवशी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात आकडा ३६ ने सरकला आणि गुणक २० आहे. म्हणजे ७२० युनिट, ताशी १२०. हा भार वर्षाचे ८,७६० तास चालूच असेल तर साडेदहा लाख युनिट होतात, इमारतीत कोणी असो वा नसो. मग शोध सुरू होतो: सर्व्हर, डीप फ्रीझर, प्रयोगशाळेतले फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारी, पुढे सरकती काच असलेली कपाटं). हूडची काच खाली ओढा अशी पाटी लावणं सगळ्यांना सुचतं. पण हूड स्थिर प्रवाहाचा, म्हणजे काच कुठेही असली तरी तेवढीच हवा ओढणारा असेल तर काच उतरवून वीज फारशी वाचत नाही, बदलत्या प्रवाहाचा असेल तरच वाचते. फ्रीझर उणे ८० ऐवजी उणे ७० वर ठेवल्यास वीज बरीच वाचते, पण नमुन्यांना ते चालेल का हे जीवशास्त्रवाल्यांनीच सांगायचं. अभियंत्यांनी परस्पर ठरवलं की भांडण ठरलेलं.

येण्याजाण्याचा सर्व्हे समाजशास्त्र आणि संख्याशास्त्राकडे द्या. सगळ्यांना मेल पाठवून फॉर्म भरायला सांगितला की सायकलवाले उत्साहाने भरतात, गाडीवाले भरत नाहीत. म्हणून वसतिगृहातले, बाहेरून येणारे, शिक्षक, कर्मचारी असे गट पाडून प्रत्येकातून नमुना घ्या आणि शेवटी गटाच्या संख्येनुसार भार द्या. ‘तुम्ही सहसा कसे येता?’ हा प्रश्न टाळा. गेल्या आठवड्यातला एकेक दिवस विचारा. घरचा पत्ता नको, जवळचा थांबा पुरे. संस्थेची नैतिकता समिती असेल तर तिची परवानगी सत्राच्या सुरुवातीलाच मागा, नाहीतर ती परीक्षेच्या तोंडावर हातात पडते.

आकडे जमले की काय आधी करायचं यावर वाद होतो, आणि तिथे अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान समोरासमोर येतात. ५० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांच्या फायद्याची आजची किंमत ३ टक्के वार्षिक वटाव-दराने (डिस्काउंट रेट) सुमारे २३ रुपये भरते, ७ टक्क्यांनी साडेतीनहून कमी. छताला उष्णतारोधक थर द्यायचा की नाही, याचं उत्तर त्या एका दरावर उलटतं. दर कोणता, हे गणित सांगत नाही. पुढच्या पिढीला किती मोजायचं हा तो प्रश्न आहे. म्हणून अहवालात किमान दोन दरांनी उत्तर द्या.

झाडांचं शोषण एकूण उत्सर्जनातून वजा करू नका, वेगळ्या तक्त्यात दाखवा. छतावरच्या सौरऊर्जेची प्रमाणपत्रं (ती वीज हरित असल्याचा दावा ज्यांच्यासोबत विकला जातो ती) विद्यापीठाने विकली असतील तर ‘आम्ही हरित वीज वापरतो’ असं म्हणता येत नाही. भाषा आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शेवटी सुशोभीकरणासाठी बोलावण्याची पद्धत आहे, ती चुकीची. कर्मचाऱ्यांशी बोलून जुनी लॉगबुकं बाहेर काढणं ते जास्त चांगलं करतात.

हे गट बहुधा सत्र संपताना मोडतात. पदवी झालेला विद्यार्थी जातो आणि फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये राहते. विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर एकच तक्ता ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे चार रकाने हवेत: कोणत्या कागदावरून घेतला, एकक, वापरलेला गुणांक आणि त्याचं वर्ष, कोणी तपासला. गुणांक दरवर्षी बदलतात, त्यामुळे वर्ष नसलेला गुणांक पुढच्या गटाला निरुपयोगी. शोधनिबंध निघणार असेल तर लेखकांची नावं आणि क्रम पहिल्या महिन्यात लेखी ठरवा. रसायनशास्त्रात आणि इतिहासात त्याचे रिवाज पार वेगळे आहेत. नोकरीच्या अर्जात ‘पर्यावरण उपक्रमात सहभाग’ असं मोघम लिहू नका. कोणता स्कोप हाताळला, किती मीटर वाचले, अनिश्चितता कशी मांडली, ते लिहा. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतात.