काशाच्या वाटीने पाय घासायचे कसे

एसटीत मी 33 वर्षं कंडक्टर होतो, आणि त्यातली बरीचशी वर्षं वाई-महाबळेश्वर या एकाच फेरीवर गेली. पसरणी घाट ज्याने उभ्याने चढलाय त्याला वेगळं सांगायला नको. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्यात तिकिटांचा ट्रे, आणि वळणावर तोल सांभाळायचा तो पायाच्या बोटांनी. बोटं चपलेला इतकी आवळलेली असायची की घरी आल्यावर ती सरळ व्हायला तयार नसत. आई मग तुपाची वाटी आणि काशाची वाटी, अशा दोन वाट्या घेऊन पाटावर बसायची. ट्रे जाऊन मशीन आलं तरी घाट तोच राहिला आणि पायही तेच.

आई गेली, वाटी माझ्याकडे आली. आता मी ती रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा हिच्या, म्हणजे बायकोच्या, पायांवर फिरवतो. मधल्या काळात लोणंदला माउलींच्या पालखीच्या मुक्कामी पाच-सहा वर्षं वारकऱ्यांचे पाय चोळायला बसलो. एका दुपारी साठ-सत्तर पाय हाताखालून जात. मला जे येतं ते तिथलं आहे. मी वैद्य नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आधी वाटी. काशाची म्हणून पितळेची गळ्यात मारणारे कमी नाहीत. कासं म्हणजे साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील, पितळेत कथलाच्या जागी जस्त असतं. ओळखायची खूण कान आहे. वाटी तळहातावर मोकळी ठेवा, पकडू नका, आणि कडेला चमच्याने हलकेच टिचकी द्या. काशाचा नाद लांबत जातो, भजनातल्या टाळासारखा, कारण टाळही काशाचेच. पितळेचा आवाज लगेच बसतो. दुसरी खूण कळते तेव्हा उशीर झालेला असतो: पितळेची वाटी पडली तर पोचा येतो, काशाची तडकते. दुकानदार टिचकी मारू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

वाटी मुठीत मावेल एवढी हवी, बूड गोल आणि गुळगुळीत. खाली अडणी किंवा नक्षी असेल तर ती टोचते. नवी वाटी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा, कुठे खरखर लागली तर घेऊ नका. आणि एकदा पायाला लावलेली वाटी स्वयंपाकघरात ठेवू नका. आमच्या नातवाने एका पाडव्याला तीच वाटी काढून श्रीखंड खाल्लं. त्याला काही झालं नाही, पण सूनबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

तेल की तूप यावर लोक तासभर वाद घालतात. माझा हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात तूप किंवा खोबरेल, थंडीत तिळाचं तेल. टाचांना भेगा असतील तर तिळाच्या तेलात थोडं एरंडेल, म्हणजे ते घट्ट होतं आणि ओघळत नाही. एका पायाला अर्धा चमचा पुरे. जास्त ओतलं तर वाटी नुसती घसरते, घासत नाही. शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या परातीत पाण्याने शंभर वेळा फेटून धुतलेलं तूप, पायाला फार छान लागतं. ते घरी करायला दुपार जाते. मी एकदाच केलं, चाळिसाव्या धुण्याला मोजणं चुकलं, पुढचं अंदाजाने.

जेवल्या जेवल्या बसू नका, दीड-दोन तास जाऊ द्या. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, रोज करावा आणि डोकं, कान, पाय यांना विशेष करावा असं सांगितलंय, ते सगळे मोठ्या आवाजात सांगतात. त्याच ठिकाणी अजीर्ण असताना करू नये असंही आहे, ते कोणी सांगत नाही.

पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करून घ्या. ज्याचे पाय घासायचे त्याला पाठ टेकून बसवा, पलंगावर किंवा खुर्चीत. तुम्ही समोर, त्याच्यापेक्षा खाली, आणि तुमचीही पाठ टेकलेली हवी. पहिल्या वर्षी मी वाकून करायचो. हिचे पाय हलके झाले आणि माझी कंबर धरली. मांडीवर जुनं धोतर टाका, तुपाचे डाग निघत नाहीत.

वाटी लगेच उचलायची नाही. आधी दोन-तीन मिनिटं नुसता हात. दोन्ही तळव्यांनी पाऊल नुसतं धरून ठेवा. पाय परका असेल तर तो आधी आवळलेलाच असतो, लोणंदला मी हे रोज पाहिलं. घट्ट पाय घासून सुटत नाही, धरून सुटतो. मग अंगठ्याने टाचेपासून बोटांकडे लांब रेघा ओढा, एकेक बोट मुळाशी धरून हलकेच ओढा. बोट कडकड वाजवायचा मोह होतो, तो आवरा. याच वेळी पाय नीट बघून घ्या. कुठे भोवरी आहे, कुठे फोड आहे, कुठे हात लावल्यावर पाय मागे जातो. वारकऱ्यांच्या पायाला फोड असला की आम्ही त्या पायाला वाटी लावतच नसू. फक्त पोटरी चोळायची आणि पुढे मलमपट्टीच्या तंबूकडे पाठवायचं.

आता वाटी. चारही बोटं वाटीच्या आत, अंगठा बाहेर, गोल बूड तळपायाला. थंडीत ती आधी कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्या, नाहीतर समोरचा माणूस पलंगावरून उडेल. पहिल्या वीस-पंचवीस ओढी लांब, टाचेपासून चवड्यापर्यंत, जाताना दाब, येताना नुसतं टेकवून. मग टाचेच्या कडेने छोटी वर्तुळं. टाच जाड असते, तिथे जोर चालतो, आणि लोकांना तिथेच सगळ्यात जास्त बरं वाटतं. त्यानंतर चवडा, म्हणजे बोटांच्या मुळाशी जी उशी असते ती. कंडक्टर, शिक्षक, पोळ्या लाटणाऱ्या बायका, उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांची गाठ तिथे बसलेली असते. वाटीची कड नाही, बूडच वापरायचं, आणि एका जागी दहा-बारा वर्तुळांच्या वर थांबायचं नाही. मधल्या खळग्यात जोर अर्ध्यावर आणा. तिथली कातडी पातळ, आणि गुदगुल्या झाल्या की पाय पुन्हा आवळतो आणि आधीची सगळी मेहनत वाया. घोट्याच्या हाडावर आणि पायाच्या वरच्या बाजूला वाटी अजिबात नको, तिथे हात.

जोर किती, हे कोणी लिहून शिकवू शकत नाही, पण चेहरा सांगतो. भुवया गोळा झाल्या की जास्त झालं. श्वास लांब झाला की बरोबर. गप्पा मारता मारता मधेच शब्द तुटला तर तसंच चालू ठेवा, झोप येतेय. एका पायाला आठ-दहा मिनिटं. दुसऱ्या पायालाही तेवढीच द्या. दमून दुसरा पाय उरकायची सवय सगळ्यांना असते, मलाही आहे.

आता त्या काळ्या रंगाबद्दल. पाच-सात मिनिटं घासल्यावर तळपाय राखाडी, मग काळा होतो. आई म्हणायची, अंगातली उष्णता निघाली. पाय घासायची मशीनं ठेवणारे तर आता काळा रंग दाखवूनच पैसे घेतात. तांब्याची धातू घासली जाते, तिचे बारीक कण तुपात आणि घामात मिसळून काळे पडतात, एवढंच ते आहे. मी एकदा धुतलेल्या पांढऱ्या पंचावर तूप टाकून वाटी घासली. पंचा तसाच काळा झाला. आता पंचाच्या अंगात कसली उष्णता? काहींचा पाय जास्त काळा होतो, काहींचा कमी, ते घामावर आणि जोरावर. काळा झाला नाही म्हणून अर्धा तास घासत बसू नका, कातडी सोलेल.

मशीनबद्दल विचारलंच तर, काशाची फिरती थाळी असते, वर पाय ठेवायचा. मी बसून आलोय. वाईट नाही. पण त्या थाळीला तुमची भोवरी कुठे आहे ते कळत नाही.

कोणाला करू नये हे मात्र नीट वाचा. साखरेचा जुना त्रास असेल आणि पायाला बधिरपणा असेल, तर वाटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांच्या पायाला गरम पाण्याच्या पिशवीने मोठा फोड आला आणि त्यांना तो दुसऱ्या दिवशी मोजा काढताना दिसला. ज्या पायाला भाजलेलं कळत नाही त्याला वाटीचा ओरखडा काय कळणार? एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते, अशा वेळी तर चोळायचंच नाही. आत रक्ताची गुठळी असली तर चोळणं जिवावर बेतू शकतं, थेट दवाखाना गाठायचा. शिरा फुगून गाठाळल्या असतील तर त्यांच्यावर दाब नको. ताप, जखम, चिखल्या, ताजी मुरगळ, यांतही थांबा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हात हलका, नाहीतर काळंनिळं पडतं.

आणि पुसणं. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. आईच्या शेवटच्या वर्षांत एका रात्री तिचे पाय चोळले, ती तिथेच पेंगली, म्हणून न पुसता पांघरूण घातलं. पहाटे ती न्हाणीकडे गेली आणि शहाबादी फरशीवर घसरली. मनगट मोडलं. मला ती एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून माणूस झोपला असला तरी मी पाय पुसतो: आधी कोरड्या फडक्याने काळं काढायचं, मग चमचाभर डाळीचं पीठ चोळायचं, ते तूप ओढून घेतं, मग ओल्या कोमट फडक्याने एकदा, बेचक्यांसकट. वर सुती मोजे. म्हातारं माणूस असेल तर रात्री दिवा चालू ठेवा.

याने काय होतं? झोप लागते. पाय हलके होतात. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच ठणकते, तो त्रास हिला होता, तो बराच कमी झाला, पण त्यात वाटीइतकाच वाटा जिन्याच्या पायरीचा आहे. कठडा धरून पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, टाचा खाली सोडायच्या, तीस आकडे मोजायचे, असं दिवसातून तीनदा. ते तिला फिजिओथेरपिस्टने शिकवलं. चष्म्याचा नंबर उतरतो, साखर उतरते, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि गोळी वेळेवर घ्या.

हिचं एक राहिलं. पहिल्यांदा मी वाटी घेऊन समोर बसलो तेव्हा हिने दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "अहो, काय करताय? नवऱ्याने पाय धरायचे? पाप लागेल मला." मी म्हटलं, वारीत शेकडो परक्यांचे धरले तेव्हा कोणाला लागलं? तिला ते पटलं नाही. तडजोड अशी झाली की दार लावायचं, सुनेला कळू द्यायचं नाही, आणि झाल्यावर ती माझ्या पायांना हात लावून नमस्कार करणार, म्हणजे फिटंफाट. सुनेला आठवडाभरात कळलं, तुपाचा डबा लवकर संपायला लागला म्हणून. दार आता उघडंच असतं. नमस्कार अजून चालू आहे, पण अर्ध्या वेळा तो करायच्या आधीच तिला झोप लागते, मग सकाळी चहाचा कप ठेवताना आठवण करून देते, "कालचा राहिलाय."

वाटी शेवटी चिंचेने किंवा लिंबाने घासून लगेच धुवा. आंबट लावून तशीच ठेवलीत तर डाग पडतो. पुसून कोरडी केली की आमच्याकडे ती खिडकीत, तेलाच्या बाटलीशेजारी, पालथी.