एकदाच बघायचा सिनेमा, पण नीट बघायचा

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. 1979 पासून पाहिलेल्या प्रत्येक हिंदी सिनेमाचं नाव आणि तारीख तीत आहे. काही नावांपुढे मी पेन्सिलीने छोटा गोल काढते. हा सिनेमा पुन्हा लावायचा नाही, अशी ती खूण. भाचा विचारायचा, "मावशी, हे सगळे फालतू का?" फालतू सिनेमे मी गोल काढण्याइतकेही लक्षात ठेवत नाही. गोलवाले सिनेमे एका बैठकीत सगळं देऊन टाकतात, आणि म्हणून ती एक बैठक जपावी लागते.

पहिली जात रहस्याची. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (1960), त्यांच्याच धाकट्या भावाने, यश चोप्रांनी केलेला 'इत्तेफाक' (1969), आणि राम गोपाल वर्मांचा 'कौन' (1999). तिन्हींत एकही गाणं नाही. हे लक्षात घेऊनच बसा. आपल्याकडे गाणं लागलं की माणूस उठतो, कुकर बघतो, चहा टाकतो, आणि परत येतो तेव्हा काही बिघडलेलं नसतं. इथे उठायला जागाच नाही. आणि मला असंही वाटतं, की हिंदी सिनेमाकडे आपण पुन्हा पुन्हा जातो ते बहुतेक वेळा गाण्यांसाठीच. गाणी नाहीत, आणि गुपित एकदा फुटलं, की परत बोलावणारं काही उरत नाही.

तर रहस्याच्या सिनेमाबद्दल आधी काहीही वाचायचं नाही. कलाकार कोण, एवढं पुरे. नंदा आहे, आपल्या मास्टर विनायकांची मुलगी, 'कानून'मध्येही आहे आणि 'इत्तेफाक'मध्येही. एवढ्यावर बसा. मी नववीत असताना एका हळदीकुंकवाला ओळखीच्या एका बाईंनी 'इत्तेफाक'चा शेवट सगळ्यांदेखत सांगून टाकला. पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा पहिल्या मिनिटापासून मी फक्त एकाच माणसाकडे बघत राहिले. एका रात्रीची गोष्ट, एक घर, बाहेर पोलीस, आत पळून आलेला राजेश खन्ना, सगळं समोर होतं, पण भीती म्हणून वाटली नाही. वहीत नाव आहे, तारीख आहे. पाहिला असं मात्र मी आजही मनापासून म्हणू शकत नाही. म्हणून हात जोडून सांगते, शेवट कुणालाही सांगू नका. "शेवटी गंमत आहे हं" असंसुद्धा म्हणू नका. तेवढ्यानेही बघणारा सावध होतो.

वेळ ठरवताना घरच्या रगाड्याचा विचार करा. आमच्याकडे इंदूरला, सुदामा नगरात, नळाला नर्मदेचं पाणी सकाळी येतं. त्या दिवशी सकाळी सिनेमा लावायचाच नाही, टाकी भरली का म्हणून अर्धा जीव नळाकडे असतो. दुपारी जेवण आवरून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसावं. लौंगेची, म्हणजे लवंगेची, शेव तर अजिबात घेऊ नये. 'कौन'मध्ये बाहेर पाऊस, आत एकटी उर्मिला मातोंडकर, आणि दाराशी बेल. त्या शांततेत शेजारी कुणी कुरूम-कुरूम करत असेल तर अर्धा सिनेमा गेला. रीगल किंवा मधुमिलन टॉकीजला आम्ही अंधारात बसायचो, तो अंधार घरी आपणच करावा लागतो. पडदे ओढा.

विक्रमादित्य मोटवानेंचा 'ट्रॅप्ड' (2017) कुठेही न थांबवता बघा. मुंबईतल्या रिकाम्या उंच इमारतीत एक माणूस फ्लॅटमध्ये कोंडला जातो, पाणी नाही, वीज नाही. थांबवून जेवलात तर त्याची तहान तुम्हाला लागणार नाही. भाच्याने संपल्यावर उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायलं होतं.

दुसरी जात जिव्हारी लागणाऱ्यांची. इथे शेवट माहीत असला तरी बिघडत नाही, पण मन तयार हवं. सुरुवात 'सद्गती'ने करा. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर 1981 साली दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतला. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला गेलेल्या दुखीला ब्राह्मण लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. दुखी म्हणजे ओम पुरी, आणि तो ब्राह्मण आपले मोहन आगाशे. छोटा आहे म्हणून लगेच दुसरा लावू नका. विशेषतः 'आक्रोश' (1980) तर त्याच आठवड्यात नको. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, गोविंद निहलानींचा, आणि त्यातही ओम पुरी आणि स्मिता पाटील. ओम पुरींचा तो लहान्या भिकू जवळजवळ सगळा सिनेमा बोलतच नाही. त्याच्या गप्प बसण्याला दिवसभर जागा द्यावी लागते. हे सिनेमे रात्री नऊनंतर लावू नयेत, झोप येत नाही. एकट्याने बघू नयेत. संपल्यावर लगेच "कसा वाटला?" विचारू नये. आम्ही चपला घालून अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जातो, बोलणं आपोआप परतीच्या वाटेवर सुरू होतं.

आणि 'गरम हवा'. एम. एस. सथ्यूंचा, फाळणीनंतरच्या आग्र्यातल्या सलीम मिर्झांच्या घराचा. सलीम मिर्झा झालेले बलराज साहनी तो प्रदर्शित होण्याआधीच गेले. त्याची दुरुस्त केलेली प्रत 2014 मध्ये आली, मिळाली तर तीच बघा. जुन्या प्रतीत चेहरे धूसर दिसतात, आणि हा सगळा सिनेमा चेहऱ्यांचा आहे. त्यात हवेली रिकामी करताना म्हातारी आजी लपून बसते. मी तो पाहिला तेव्हा कॉलेजात होते. फार वर्षांनी आमचं रामबागेतलं घर बिल्डरला दिलं, सामान टेम्पोत चढलं, आणि आई दिसेना. ती देवघरात, रिकाम्या कोनाड्यापुढे बसली होती. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. उठवायला भावाला आणि मला अर्धा तास लागला. नंतर एकदा मी 'गरम हवा' पुन्हा लावून पाहिला. आजीला शेवटच्या भेटीसाठी पालखीतून जुन्या हवेलीत आणतात तिथे बंद केला. वहीतला गोल त्या दिवशी पेनाने गिरवला.

या शनिवारी भाचा विजयनगरहून येतोय, त्याला 'कानून' दाखवायचा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं तरी खरं असतं का, यावरचा खटला आहे, वकील होऊ घातलेल्या मुलाने बघायलाच हवा. पडदे मी ओढून देईन, पाण्याची बाटली शेजारी ठेवीन, आणि आत स्वैपाकघरात जाऊन बसेन. मला शेवट माहीत आहे, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला तो कळतो.